रूथ, ब्राउझरचं ठरलं

रूथ,

तुला माती देऊन देवळालीच्या दफनभूमीतून बाहेर पडलो, आणि फाटकाशीच संजयनं मला गाठलं. जामखेडहून पहाटेच निघाला होता, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता हा रडणार आणि याच्या पाठोपाठ मी. तर तो म्हणाला, "ताई, ब्राउझर रूथताईंचाच टाकू आता. त्यांची आठवण म्हणून." रडू यायच्या ऐवजी माझं डोकंच फिरलं. लोकांच्या देखत, फाटकात उभी राहून मी त्याला सुनावलं की आठवण म्हणून फोटो लावतात, ब्राउझर लावत नाहीत.

बिचारा चपापला. तुझ्या भावानंही मागे वळून पाहिलं. मग मीच संजयला चहाला नेलं, आणि चहा पिताना आम्ही दोघं कारखान्याच्या गळिताबद्दल बोललो, तुझ्याबद्दल अवाक्षर नाही. मी का भडकले ते त्याला कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. ते आता तुला सांगते, म्हणजे त्यालाही कळेल.

तुला आपल्या कामाची कथा सांगणं म्हणजे आजीला भाकरी शिकवणं. पण हे बाकीचेही वाचतील. तू हे काम कुणालाही स्वयंपाकघरातून समजावायचीस. संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली म्हणजे मिसळणाचा रिकामा डबा, कुणीही फुकट न्यावा. कुठल्या वाटीत काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. आपण तिघांनी तो आपल्याकडच्या चवीचा भरला. दूध संघांच्या, पतसंस्थांच्या कचेऱ्यांतून बाहेर काढलेले जुने संगणक गोळा करायचे, संजयच्या दुकानात दुरुस्त करायचे, त्यांत आपला डबा बसवायचा आणि गावोगावच्या वाचनालयांना द्यायचे. त्या डब्याचं नाव आपण 'पार' ठेवलं, गावातला पार असतो तसा, कुणीही येऊन बसावं. नाव मी सुचवलं. तू लगेच म्हणालीस, नाव झकास आहे, पण पारावर बोललेलं सगळ्या गावाला ऐकू जातं, तेवढं लक्षात ठेव.

तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं.

किती हिंडलो गं आपण. तुझी स्कूटी, मागे मी, माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला संगणक. पुढे उसानं भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागा नाही आणि तुला दम नाही. तू हॉर्न वाजवत मला बूटिंगचं काहीतरी समजावायचीस, वाऱ्यानं मला निम्मं ऐकू यायचं, आणि मी सगळ्यालाच हो म्हणायचे. तुला ते कळायचं. गावात पोचल्यावर तू हेल्मेट काढून पहिला प्रश्न विचारायचीस, "मी काय म्हणाले?" शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईशी मैत्री केली की हेच भोगावं लागतं. संगमनेरच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहिलो तेव्हापासून तू मला फुकटचं हो कधी म्हणू दिलं नाहीस. बाकी कुणी माझ्या डोक्याला एवढं मोलाचं समजलं नाही, हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं.

आता देवळालीच्या पुढच्या त्या गावचं.

वाचनालय सांभाळणारे भाऊसाहेब म्हणजे देवमाणूस. गावातल्या निम्म्या लोकांकडे ईमेलचं खातं नाही, आहे त्यांना पासवर्ड आठवत नाही. कुणाचं अडू नये म्हणून भाऊसाहेबांनी आपण दिलेल्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं खातं कायमचं उघडून ठेवलं. पाहुण्याला आपला टॉवेल काढून द्यावा तितक्या सहज. तेव्हा 'पार'मध्ये आपण सगळ्यांच्या ओळखीचाच ब्राउझर भरलेला होता, तो मोठ्या कंपनीचा, आल्या आल्या 'खात्यानं आत या' म्हणून मागे लागणारा. भाऊसाहेब आत गेले आणि त्यांच्या मागोमाग अख्खं गाव त्यांच्या नावानं आत गेलं. मोबाईलवरही त्यांचं तेच खातं, त्यामुळे वाचनालयात कुणी काहीही शोधलं की ते त्यांच्या मोबाईलवर उगवायचं. गाभण गाईचा खुराक, कोर्टाच्या तारखा, बाळंतिणीचे लाडू. त्यांना सुरुवातीला मजाच वाटत होती. आपला मोबाईल लई हुशार झालाय, असं ते सांगत फिरायचे.

मग एक दिवस मोबाईलवर फिट येण्याबद्दलची माहिती येऊ लागली. त्या दुपारी संगणकावर कोण बसलं होतं ते त्यांना आठवत होतं. मनीषा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला रोज येणारी. भाऊसाहेबांना रात्री झोप लागली नसणार, इतका हळवा माणूस. सकाळी दूध घालायला गेले तेव्हा संकलन केंद्रावर रांगेत मनीषाचे वडील पुढेच होते. भाऊसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजीनं विचारलं, "पोरीला फिटा येत्यात व्हय? कधी बोलला न्हाई. नगरला माझ्या वळखीचा डॉक्टर हाय, दावू आपण."

रांगेत गाव उभं होतं. मनीषाचं लग्न त्याच आठवड्यात ठरल्यात जमा होतं. समोरून निरोप आला की तूर्त थांबू. आणि वडिलांनी सगळ्याचं खापर वाचनालयावर फोडून तिचं तिथं जाणंच बंद केलं. स्थळ गेल्याचं तिला फार वाटलं नाही, हे तिनं तुलाच सांगितलं. पण अभ्यास बंद झाला ते तिला सोसेना. घरात दोन खोल्यांत सहा माणसं, टीव्ही आणि पाहुणे.

फिटा तिला येतच नव्हत्या. तिच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका मैत्रिणीला येत होत्या, तिच्यासाठी ती शोधत होती. मला हे कळलं तेव्हा मी पदर खोचून निघाले, गावात जाऊन सांगते म्हणाले. तू माझा हात धरलास.

"सांगू नकोस," तू म्हणालीस. "मैत्रिणीसाठी शोधलं म्हणून ही सुटेल, आणि जिला खरंच येतात ती अडकेल. कुणासाठी शोधलं याचा खुलासा गावाला द्यावा लागतो, तीच खोड मोडायचीय."

मी तुझ्यावर चिडले होते. हातात औषध असून द्यायचं नाही, असा प्रकार मला वाटला. तू मात्र मनीषाच्या घरी गेलीस, तिच्या वडिलांचं सगळं ऐकून घेतलंस, आणि निघताना दारात तिला शब्द दिलास: तू परत येशील तेव्हा ते यंत्र तुझं काही लक्षात ठेवणार नाही. शब्द तू एकटीनं दिलास, पण दिलास आपल्या तिघांच्या वतीनं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू गेलीस तरी मिटलं नाही.

तुझं म्हणणं सरळ होतं. नव्या 'पार'मध्ये आधीपासून भरलेला ब्राउझर बदलायचा. कुणाचं खातं मागणार नाही, पाळत ठेवणाऱ्या जाहिराती आत येऊ देणार नाही, आणि बंद केला की सगळं विसरेल, असा ब्राउझर भरायचा. मी म्हणायचे, ज्याला हवा तो घेईल की बसवून. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. "बदलायची मुभा सगळ्यांना असते शैले, बदलतो एखादाच. डब्यात जे भरून देऊ तेच लोक खाणार. मग मीठ जास्त झालं तर लोकांनी चव बघून घ्यायला हवी होती, असं म्हणायचं का?"

माझीही बाजू पोकळ नव्हती. लोक वाचनालयात येतात कशाला? सातबारा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म. त्या पानांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुकच ब्राउझर वापरा. फॉर्म अडला की लोक दोन दिवसांत जुना ब्राउझर परत बसवतील, त्यात पुन्हा कुणी भाऊसाहेब आपलं खातं उघडून ठेवतील, आणि तुझा ब्राउझर देव्हाऱ्यातल्या चांदीच्या वाटीसारखा नुसता पुसायला राहील. शिवाय लाइट. फॉर्म अर्ध्यावर असताना लाइट जाते, हे आपल्याकडे रोजचं. जो ब्राउझर सगळं विसरतो तो तुझा अर्धा भरलेला फॉर्मही विसरतो. मनीषाला वाचवताना उन्हातान्हातून आलेल्या दुसऱ्या कुणाला आपण रडवणार, त्याचं काय?

तू म्हणायचीस, होतं सगळं, बघू. 'बघू' म्हणजे गणिताच्या बाईकडे उत्तर नाही, हे मला ठाऊक होतं. एकदा तुझ्या घरी यावरून इतकं वाजलं की तू उठून आतल्या खोलीत गेलीस आणि दार लावून घेतलंस. मला वाटलं रुसलीस. थोड्या वेळानं बाहेर आलीस आणि म्हणालीस, प्रार्थना केली, आता बोल. घरात एकटी असलीस तरी प्रार्थनेला बसताना तू दार लावतेस हे मला वसतिगृहापासून माहीत होतं, तरी मी चिडून विचारलं की इथं कोण ऐकणार आहे तुझं. तू म्हणालीस, "कुणी ऐकत नाही म्हणूनच मला खरं बोलता येतं." आणि चहा टाकायला गेलीस.

मग तू दवाखान्यात गेलीस, आणि भांडणाला लागणारी ताकद तुझ्यापाशी उरली नाही.

मी शेवटचं भेटायला आले तेव्हा ठरवून आले होते, कामाचं नाव काढायचं नाही. मोसंबी सोलत बसले, तुझ्या शाळेतल्या गमती काढल्या. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मध्येच विचारलंस, ठरलं का? मी म्हणाले, तुझंच खरं रूथ, तुझाच ब्राउझर टाकू. मला वाटलं तुला बरं वाटेल. तू डोळे उघडलेस, आणि त्या खाटेवर पडल्यापडल्या असं काही पाहिलंस की मला वर्गात उभं केल्यासारखं झालं.

"हरायचं तर नीट हर," तू म्हणालीस. "मी आजारी आहे म्हणून मला जिंकवू नकोस. लाइटचं काय केलंस ते सांग."

लाइटचं मी काहीच केलं नव्हतं. तू कूस बदललीस.

म्हणून मी फाटकात संजयवर ओरडले. आठवण म्हणून तुझा ब्राउझर टाकणं म्हणजे तुला पुन्हा एकदा दयेनं जिंकवणं. आणि दयेनं टाकलेली गोष्ट पहिल्या अडचणीला लोक काढून टाकतात. मग मनीषाला दिलेला शब्द कुठं जाणार?

मी ठरवलं, भांडण पुरतं भांडायचं. तू नसलीस तर तुझी बाजू मी मांडेन, आणि माझी बाजू तर माझ्याकडे आहेच.

मी शिकवते त्या कॉलेजच्या लॅबमध्ये तास संपले की मी बसायला लागले. गावातली माणसं ज्या ज्या कामाला वाचनालयात येतात ते एकेक काम तुझ्या ब्राउझरमध्ये करून बघायचं. सातबारा निघाला. शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडला, सुरुवातीला रुसला, एक परवानगी दिली तशी सरळ झाला. दाखल्याचं काम झालं. 'अमुकच वापरा' असं दटावून लिहिलेली पानं मुकाट चालत होती. लिहिणाऱ्यानं दुसरं काही उघडून पाहिलंच नसावं, आणि मी वर्षभर त्यांचा शब्द तुझ्या तोंडावर फेकत होते. तुझा तो हसरा चेहरा दिसला मला, भुवया वर केलेला. लॅबमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हणाले, बरं बाई, हे तू जिंकलीस.

पण एका परीक्षेच्या फॉर्मवर तुझा ब्राउझर अडला तो अडलाच. फोटो चढवायला गेलं की पान गोठायचं. सगळे उपाय करून झाले. एवढ्यापुरती तू हरलीस, रूथ, आणि हे मी लिहून ठेवतेय. त्या एका पानासाठी ओळखीचा ब्राउझर वेगळा ठेवला आहे. त्या पानापलीकडे तो कुठं जात नाही आणि त्यात खातं उघडता येत नाही. तुला तो डोळ्यांसमोर नको होता, पण मनीषा जी परीक्षा देणार तिचाच हा फॉर्म आहे, आता बोल.

राहिली लाइट. फॉर्म अर्धा भरायचा आणि वायर उपसायची, हे मी इतक्यांदा केलं की लॅबचे शिपाई लांबून बघायला लागले. वायर उपसली की काम गेलं. काम जपावं असं केलं, तर लाइट आल्यावर नंतर बसणाऱ्याच्या पुढ्यात आधीच्याचा फॉर्म उघडायचा, नावगावासकट. म्हणजे एकाचं काम वाचवायचं तर त्याची झाकली मूठ उघडायची. शेवटी 'लांबचं काम' नावाचं वेगळं चिन्ह केलं. मोठा फॉर्म भरायचा असेल तर त्यातून जायचं आणि सुरुवातीला आपल्या मनातला एक शब्द द्यायचा. लाइट गेली तर तो शब्द सांगेल त्यालाच काम परत मिळतं. काम संपलं की शब्दही पुसला जातो.

संजयला फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "ताई, आपल्याकडं पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवतेत." मी म्हणाले, लिहू देत, दर खेपेला शब्द नवा लागतो, भिंत भरेल फार तर. मग तो गंभीर झाला आणि त्यानं वाद घातला, चांगला तासभर. जुन्या यंत्रावर हे चालेल का, म्हाताऱ्या माणसाला झेपेल का. मी एकेक उत्तर देत गेले आणि मध्येच मला कळलं की मी तुझ्या खुर्चीत बसून माझ्याच जुन्या शंकांना उत्तरं देतेय. तरी थांबले नाही. शेवटी तो म्हणाला, "मग ह्योच टाकू. आता पटलं." हे मला हवं होतं. आठवण म्हणून टाकायचा नव्हता मला, पटलं म्हणून टाकायचा होता.

नवा 'पार' बाहेर पडला. सोबतच्या टिपणात संजयला तुझ्या नावाची एक ओळ घालायची होती, अर्पण म्हणून. मी काढली. तिथं फक्त ब्राउझर का बदलला याची कारणं आहेत, साध्या मराठीत, आणि तो कुठं अडतो तेही आहे. तुझं नाव वाचून लोकांनी मान झुकवावी, यापेक्षा कारणं वाचून डोकं चालवावं, हेच तुला आवडलं असतं. संजय फुरंगटला आहे माझ्यावर. राहू दे.

काल त्या गावी जाऊन आले. भाऊसाहेब स्टूल ओढून शेजारी बसले आणि मी काय काय करते ते मुकाट बघत होते. त्या सकाळपासून ते संकलन केंद्रावर स्वतः जात नाहीत, सुनेला दूध देऊन पाठवतात. मी त्यांना दाखवलं की त्यांनी यात आपलं खातं उघडलं तरी बंद करताच ते पुसलं जातं.

"म्हंजी माझ्या मोबाईलवर आता कुणाचंच काय येणार न्हाई?" त्यांनी विचारलं.

नाही येणार, म्हणाले.

"लई बरं झालं. मला तरी कुठं पायजे हुतं ते." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग खिशातून मोबाईल काढून कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसले. तुझ्या माझ्या भांडणात या माणसाच्या छातीवरचं ओझं आपण दोघींनीही कधी जमेस धरलं नव्हतं.

मनीषाला मी आधी निरोप धाडला होता. येईल असं वाटत नव्हतं. ती आली, वडिलांना न विचारता आली की विचारून, ते मी विचारलं नाही. मी तिला एवढंच सांगितलं की रूथबाईंनी दिलेला शब्द झाला आहे, बसून बघ. ती खुर्चीवर बसली. ती पहिलं अक्षर टाइप करायच्या आत भाऊसाहेब स्टुलावरून उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. मीही त्यांच्या मागे गेले.

बाहेर ऊन चढलं होतं. भाऊसाहेबांनी उपरणं डोक्यावर घेतलं. मग आपल्याकडे प्रत्येक जण विचारतो तसंच, अगदी मनापासून, त्यांनी विचारलं, "रूथबाईंना झालं काय हुतं वो?"

मला ठाऊक आहे. तू ज्या दोघा-तिघांना सांगितलंस त्यात मी होते. महिनाभर ज्यानं त्यानं मला हेच विचारलंय, आणि मी काहीबाही सांगून वेळ मारून नेलीय. काल तसं केलं नाही.

"ते तिचं तिच्यापाशी राहू द्या, भाऊसाहेब," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतून मनीषाच्या टाइप करण्याचा आवाज येत होता, थांबत थांबत, मग सलग. भाऊसाहेबांची मान खाली गेली.

"व्हय," ते म्हणाले. "राहू द्या."

आणि ती बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.